पाटीखाली पिंप हवं

मासळी बंदराच्या जेटीवर शिरताना एक पाटी हमखास दिसते : ‘बंदरात तेल व कचरा टाकू नये. उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’ खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेला असतो, पण अक्षरं लागतात. आता इंजिनाचं ऑइल बदलून, काळा कॅन हातात घेऊन उभ्या असलेल्या खलाशाने विचारलं की मग टाकू कुठे, तर पाटीच्या आसपास पन्नास पावलांत उत्तर सापडत नाही. पिंप नाही, शेड नाही, विचारायला माणूस नाही. अंधार पडला की कॅन रिकामा होतो आणि सकाळी जेटीच्या कडेने पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत असतं.

लहान बंदरांच्या शिस्तीचा विषय निघाला की बोलणं खलाशांच्या बेफिकिरीवर येऊन थांबतं. बेफिकिरी आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण जो नियम पाळायला जागा, वेळ किंवा साधन दिलेलं नाही, तो लिहिणाऱ्याने फक्त स्वतःचे हात झटकलेले असतात. हे काही मच्छिमारांची बाजू घेऊन काढलेलं तर्कट नाही. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाबद्दलचा मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार जहाजांना तेल-कचरा समुद्रात टाकायला बंदी घालतो, आणि त्याच दमात बंदरांनी तेल-कचरा उतरवून घेण्याची सोय करावी असंही बजावतो. जबाबदार मासेमारीची १९९५ ची एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची) आचारसंहिता मासळी बंदरांकडून गोडं पाणी, स्वच्छतागृहं आणि टाकाऊ तेल व फाटक्या जाळ्यांची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था मागते. आपण या कागदांतली बंदी तेवढी उचलली आणि ती पाटीवर रंगवली.

ऑइलचंच उदाहरण आधी पुरतं बघू, कारण त्यात सगळं येतं.

सहा सिलिंडरच्या इंजिनात एका वेळी १५ ते २० लिटर ऑइल बसतं आणि साधारण २५० तास इंजिन चाललं की ते बदलावं लागतं. रोज बारा तास, महिन्यात वीस दिवस समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरचे हे तास एका महिन्यात भरतात. म्हणजे ऑगस्ट ते मे या हंगामात एका बोटीचं दीडशे ते दोनशे लिटर जळकं ऑइल निघतं. शंभर बोटींच्या बंदराचं पंधरा ते वीस हजार लिटर. दोनशे लिटरच्या पिंपांत मोजलं तर पाऊणशे ते शंभर पिंपं. सगळंच पाण्यात जातं असं नाही. काही लाकडाला फासलं जातं, काही भंगारवाला नेतो. पण एक लिटर ऑइल पाण्यावर एक मायक्रॉन जाडीने पसरलं, तर हजार चौरस मीटर पाणी झाकतं. एका इंजिनाचं एका वेळचं ऑइल म्हणजे चार-पाच एकर. अशा दोन-तीन बोटींत लहान बंदराचं सगळं पाणी संपलं.

यावर कपडे धुण्याची पावडर मारायची युक्ती सर्रास चालते. तवंग दिसेनासा होतो खरा, पण तेल जात नाही. ते बारीक थेंबांत फुटून पाण्यात मिसळतं, आणि कालवं, तिसऱ्या, माशांची अंडी यांना वरच्या तवंगापेक्षा हे मिसळलेलं तेल जास्त बाधतं. पावडर तेल फक्त लपवते.

नावेच्या तळाशी साचणारं पाणी हा त्याच्याच जोडीचा प्रश्न. इंजिनाखालचं पाणी पंपाने सरळ बाहेर फेकलं की त्याबरोबर गळलेलं डिझेल आणि ऑइलही जातं. उपाय स्वस्तातले आहेत. इंजिनाखाली वेगळं पत्र्याचं ताट बसवावं, म्हणजे गळती तळाच्या पाण्यात मिसळतच नाही. तळात जाळीच्या पिशवीत सावरीचा कापूस भरून सोडावा, कारण तो तेल धरतो आणि पाणी सोडतो. पिशवी काळी झाली की बदलावी. आणि बोट बराच वेळ स्थिर राहिल्यावर पंप चालवायचा तर नळीचं तोंड अगदी तळाशी असू द्यावं, शेवटचे दोन-तीन इंच कॅनमध्ये काढावेत. वरचं तेलच नेमकं शेवटी येतं.

आता पिंपाबद्दल. पिंप ठेवण्याच्या योजना झालेल्याच नाहीत असं नाही. त्या बारगळतात कशा, हे पाहण्यासारखं आहे. उघडं पिंप पावसात भरतं, पाणी खाली बसतं, तेल वर येऊन काठावरून वाहतं. पिंप जेटीच्या टोकाला ठेवलं तर लाटेने किंवा एखाद्या टेम्पोच्या धक्क्याने कलंडतं. त्यात कोणी डिझेल मिसळलेलं पाणी ओततं, कोणी फिल्टर टाकतं, कोणी गुटख्याच्या पुड्या, आणि मग शुद्धीकरणवाला ते घ्यायला नकार देतो. जळकं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते परवाना असलेल्याकडेच जायला हवं. म्हणून छप्पर हवं, झाकण आणि जाळीचं नरसाळं हवं, पिंपाभोवती सिमेंटचा असा कठडा हवा की अख्खं पिंप फुटलं तरी तेल त्यातच राहील. पिंपं दोन हवीत, एक निव्वळ ऑइलचं, दुसरं तेलकट पाण्याचं. फिल्टर रात्रभर उलटे ठेवून निथळायला एक जाळी. एवढी सोय एका गाळ्यात मावते.

आणि हिशोब? तो आधीच लिहिला जातोय. डिझेलवरचा कर परत मिळतो तो मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत, त्यामुळे कोणत्या बोटीने किती डिझेल उचललं याची नोंद संस्थेकडे असतेच. तासाला पंधरा लिटर डिझेल धरलं तर दर ३,५०० ते ४,००० लिटर डिझेलमागे एक ऑइल बदल येतो. त्या वहीत ‘जळकं ऑइल जमा’ असा एक रकाना वाढवला की वर्षाअखेर कोणाचं ऑइल कुठे गेलं हे विचारायला पोलीस लागत नाहीत.

ऑइलनंतर बंदरातली सगळ्यात टंचाईची वस्तू म्हणजे वेळ. पैसे आणले की जेटी लांबवता येते, भरती लांबवता येत नाही. कोकणातली बरीच बंदरं खाडीच्या मुखाशी आहेत आणि मुखावर वाळूचा दांडा असतो. भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास, एवढ्याच वेळात भरलेली बोट आत येऊ शकते. समजा जेटी शंभर मीटरची आहे आणि बोटी पंधरा मीटरच्या. एका रांगेत सहा बोटी लागतात. प्रत्येकीने पाऊण तासात मासळी उतरवून जागा सोडली तर चार तासांत तीस बोटी होतात. त्याच बोटीने मासळी उतरवली, मग तिथेच बर्फ भरला, डिझेल घेतलं, जाळं पसरून दोन भोकं शिवली, चहा घेतला आणि दीड तास काढला, तर बाराच बोटी होतात, फार तर आणखी पाच-सहा. उरलेल्या बाहेर नांगर टाकून उभ्या, आणि त्यांच्या खणातला बर्फ वितळतोय. हे नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही, त्यामुळे ते कोणाचंच वाटत नाही.

म्हणून पहिला नियम हा की जेटीचा पुढचा भाग फक्त मासळी उतरवण्यासाठी. बर्फ, डिझेल, दुरुस्ती आणि झोप यांसाठी दुसरी बाजू किंवा नांगर टाकून उभं राहायची जागा. नियम घड्याळात लिहू नये. ‘सकाळी ६ ते ८ लिलाव’ अशी पाटी पुढच्या आठवड्यात खोटी ठरते, कारण भरती रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वाड्यांवरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच हिशोबाने पंधरवड्याचा तक्ता फळ्यावर लिहावा : भरती अमुक वाजता, जेटी अमुक ते अमुक, बोटीला पाऊण तास. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, वेगळी वेळ.

दंडाबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. पैशांचा दंड मोठ्या बोटीला परवडतो आणि लहानाला बुडवतो. पाच-सहा दिवस समुद्रात राहून येणाऱ्या बोटीचा मालक हजार रुपये हसत मोजेल आणि जेटीवर आणखी तासभर उभा राहील. दंड नंबरात असावा. वेळ संपूनही जागा अडवली, तर पुढच्या भरतीला त्या बोटीचा नंबर शेवटचा. ही शिक्षा लहानमोठ्या सगळ्यांना सारखी लागते, आणि ज्याचं नुकसान केलं त्यालाच भरपाई मिळते, कारण मागचा पुढे सरकतो.

अर्थात जेटीच नसलेली बंदरंही आहेत. दापोली तालुक्यातलं हर्णै वर्षानुवर्षं त्यातलं सगळ्यात गाजलेलं. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला बोटी उभ्या राहायच्या, मासळी लहान होड्यांतून किनाऱ्याजवळ यायची, तिथून बैलगाडीने पुळणीवर आणि पुळणीवरच लिलाव, ही पद्धत तिथे जेटीची मागणी करता करता पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्या पुळणीवर आता पर्यटकांच्या गाड्या उतरतात. लिलाव बघायला येणाऱ्याने गाडी रस्त्यावर लावावी, ताणलेल्या दोरावरून उडी मारू नये, पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये, आणि बोली चालू असताना टोपल्यांच्या मध्ये फोटोसाठी उभं राहू नये. यापलीकडे त्यांना फार काही सांगायची गरज नाही. डॉल्फिन दाखवणाऱ्या स्पीडबोटींना मात्र आहे. नांगरलेल्या बोटींमधून त्यांनी माणूस भरभर चालतो त्या वेगाने जावं. त्यांच्या मागे उठणारी लाट उंचीने दुप्पट झाली तर तिची ताकद चौपट होते. ती लाट जेटीला लागलेल्या बोटी एकमेकींवर आपटते आणि टोपली घेऊन फळीवरून उतरणाऱ्याचा तोल घालवते.

दोरांकडे येऊ. जागा कमी म्हणून बोटीला बोट लावून तीन-चार रांगा होतात, त्याला इलाज नाही. पण बाहेरची बोट नुसती आतल्या बोटीच्या खुंटाला बांधली, तर वाऱ्यात सगळा भार आतल्या बोटीच्या एका दोरावर येतो. बाहेरच्या प्रत्येक बोटीने नाळेचा (पुढच्या टोकाचा) आणि पिछाडीचा आपला स्वतंत्र दोर जेटीपर्यंत नेलाच पाहिजे. दोर आखूड आणि सरळ नको, लांब आणि तिरका हवा. उधाणाच्या ओहोटीला पाणी दोन-तीन मीटर खाली जातं. भरतीच्या वेळी घट्ट आवळलेला आखूड दोर ओहोटीला एकतर तुटतो, नाहीतर बोटीचा खुंटा उपटून काढतो. तिसऱ्या बोटीवर जाताना मधल्या बोटीच्या नाळेवरून जावं, तिच्या स्वयंपाकाच्या जागेतून नाही. आणि रांगेतल्या प्रत्येक बोटीवर इंजिन चालू करता येणारा एक तरी माणूस रात्री असावा.

हा शेवटचा नियम शिष्टाचाराचा वाटतो, पण त्याचं खरं कारण आग आहे. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासळी बंदरात एका बोटीला आग लागली आणि पाहता पाहता सुमारे ४० बोटी जळाल्या. बोटींत डिझेल होतं, स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर होते आणि बोटी एकमेकींना चिकटून होत्या. आपल्याकडचं कुठलं बंदर याहून वेगळं आहे? फायबरची बोट लाकडासारखी धुमसत बसत नाही, भडकते, आणि पेटलेल्या बोटीचा दोर जळून तुटला की ती वाऱ्याने दुसऱ्या रांगेत शिरते. म्हणून दर आठ-दहा बोटींनंतर एक बोट जाईल एवढी मोकळी गल्ली सोडावी. बंदरात उभ्या असताना सिलिंडरचा कॉक बंद, रेग्युलेटर काढलेला. वेल्डिंग करायचं तर बोट रांगेतून बाहेर काढून, आधी डिझेलच्या टाकीभोवतीचं फडकं-कचरा साफ करून, वाळूच्या दोन बादल्या शेजारी ठेवून. डिझेलच्या आगीवर पाणी मारलं की पेटतं तेल पसरतं, हे माहीत असूनही घाईत पाण्याचीच बादली उचलली जाते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ही काळजी कमी नव्हे, जास्त लागते. सगळ्या बोटी एकाच वेळी बंदरात आणि किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली दाटीवाटीने, आणि दुरुस्तीची कामंही त्याच दिवसांत.

फाटकं जाळं हा वरकरणी किरकोळ कचरा. नायलॉनचा हातभर तुकडा पाण्यात पडला की तो कधीतरी कोणाच्या तरी पंख्यात जातो, शाफ्टवर गुंडाळला जातो, घर्षणाने वितळून घट्ट बसतो आणि शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं ग्लँड कापतो. बोटीत पाणी शिरायला लागतं ते तिथून. दांड्यावरून आत येताना, पाठीमागे लाटा फुटत असताना इंजिन बंद पडणं म्हणजे काय, हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, सांगावं लागत नाही. जाळं शिवायला बसणाऱ्याच्या शेजारी एक रिकामं पोतं असलं तरी पुरे.

मासळीकडे येताना एक सवय मोडायलाच हवी : बंदरातल्या पाण्याने मासळी धुण्याची. ज्या पाण्यात तळाचं पाणी, डिझेल आणि माणसांची घाण गेली आहे त्याच पाण्याची बादली मारून पापलेट चकचकीत करायचं आणि टोपलीत घालायचं, हे ग्राहकाने बघितलं तर तो मासळी खायची सोडेल. धुण्याचं पाणी आत येण्याआधी बाहेरच भरून घ्यावं. आपल्या उन्हात किलोला किलो बर्फ हे प्रमाण आहे. बर्फ मासळीच्या थरांमध्ये पडला पाहिजे, नुसता वरून नाही. बांगडा, कुपा यांसारखी मासळी उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालेलं हिस्टामिन नंतरच्या बर्फाने किंवा शिजवूनही जात नाही. जेटीवर जागा अडवणारा दुसऱ्याचा वेळ खातो असं वर म्हटलं, त्याचा शेवट असा कोणाच्या तरी ताटात होतो.

लिलावाला बसणाऱ्या, टोपल्या उचलणाऱ्या, निवडणाऱ्या बहुतेक बायका असतात. पहाटे चारला आलेल्या बाईला दहापर्यंत जायला स्वच्छतागृह नसतं, म्हणून ती पाणी पीत नाही. आणि त्याच बंदरावर ‘उघड्यावर घाण करू नये’ अशी पाटी असते. बंदर समितीत त्यांना जागा नसेल तर असल्या पाट्या निघतच राहणार.

समिती म्हणजे कोणाची? आज एका बंदरात शिरलं तर मत्स्यव्यवसाय खातं, सागरी मंडळ, कस्टम, सागरी पोलीस आणि ग्रामपंचायत असे पाच दरवाजे भेटतात. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम २०२१ मध्ये कडक झाला आणि दंड लाखांच्या घरात गेले. पण तो मुख्यतः समुद्रात कोण, कुठे, कसल्या जाळ्याने मासे धरतो यासाठी आहे. जेटीवर पसरलेलं जाळं, कलंडलेलं पिंप, तीन वर्षं गाळात रुतून जागा अडवणारी मेलेली बोट हे कोणाच्याच टेबलावरचं काम नाही. अतिक्रमणं बघवेनाशी होईपर्यंत वाढू द्यायची आणि मग एका दिवशी बुलडोझर आणायचा, हीच आपली पद्धत. २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तेच झालं. पाडणं कायदेशीर असेलही. पण पहिली टपरी उभी राहिली त्या दिवशी तिला अडवणारं बंदरात कोणी नव्हतं.

रोजची शिस्त बंदर वापरणाऱ्यांनीच सांभाळावी, हे आम्हाला पटतं. खुंटाला बांधायच्या डोल जाळ्यांच्या जागा, किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याच्या पाळ्या गावकीने ठरवल्या आणि सांभाळल्या, तेव्हा खातं नव्हतं. पण गावकीचा दंड कधी बहिष्काराच्या वाटेने जातो तेही आपल्याला माहीत आहे. कोणाशी बोलायचं नाही, कोणाची मासळी घ्यायची नाही, हे आता सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून नियम लेखी हवेत, शिक्षा आधी ठरलेली हवी, ती बोटीच्या नंबराला लागावी, घराला नाही. समितीत संस्था, खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका, बर्फवाला आणि ग्रामपंचायत. खात्याचा माणूस असावा, पण अध्यक्ष नको.

एक गोष्ट मात्र या समितीच्याही अधिकाराबाहेर असली पाहिजे. तीन नंबरचा बावटा, म्हणजे बंदरातला वादळाचा इशारा, लागला की हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत, जयगडला, दिघीला आसरा घेतात. तशा परगावच्या, परराज्यातल्या बोटीही आपल्या बंदरात येतात. त्यांची मासळी इथे उतरवू द्यायची का, हा वाद होऊ शकतो आणि व्हावा. आसऱ्याला आलेल्या बोटीला नांगर टाकू द्यायचा का, हा वाद होऊ शकत नाही. तिनेही वाटेत नांगर टाकू नये, खोलीच्या किमान पाचपट दोर सोडावा, रात्री नांगराचा पांढरा दिवा ठेवावा, आणि वारा फिरला की बोट कुठे झुलेल हे आधी पाहून जागा धरावी. वादळात बोटी एकमेकींवर चढतात त्या बहुतेक दोर आखूड सोडल्यामुळे.

राहता राहिली पिंपाच्या शेडची किल्ली. खात्याच्या कार्यालयात ठेवली तर ती सहा वाजता बंद होते. सरपंचाकडे ठेवली तर दर निवडणुकीनंतर शोधावी लागते. ती बर्फाच्या कारखान्यातल्या कारकुनाकडे असावी. समुद्रावर जाणारी प्रत्येक बोट, रात्री दोनला का असेना, त्याच्या दारात येतेच, आणि बर्फाच्या पावतीवर ‘ऑइल जमा, १८ लिटर’ एवढं लिहायला त्याला अर्धं मिनिट पुरतं.